मुक्या माराची फाईल

आमच्या धंद्यात रक्त दिसलं की जीव भांड्यात पडायचा. ऐकायला वाईट वाटेल, पण दिवाळी अंकात तरी खोटं कशाला लिहू? टाके पडले, हाड मोडलं, प्लास्टर चढलं की आमचं अर्धं काम तिथंच झालं. एक्स-रे खिडकीसमोर धरायचा, हाडातली भेग बोटानं दाखवायची, पुढचं विमा कंपनीनं आणि कोर्टानं बघून घ्यायचं. भीती वाटायची ती मुक्या माराची.

मुका मार म्हणजे हाड शाबूत, कातडी शाबूत आणि आतलं मांस, स्नायू, शिरा दुखावलेल्या. डॉक्टर त्याला ‘सॉफ्ट टिश्यू इन्ज्युरी’ म्हणतात आणि जखमेच्या सर्टिफिकेटवर ‘साधी दुखापत’ असं लिहून मोकळे होतात. माणूस तीन महिने मान वळवू शकत नाही, कुशीवर झोपू शकत नाही, आणि कागद म्हणतो साधी. एक्स-रे काढला तर तो कोऱ्या पाटीसारखा स्वच्छ. मग ते दुखणं खरं आहे हे सिद्ध कसं करायचं? ते काम माझं.

मी हिंगणघाटला एका वकीलसाहेबांकडे जवळपास तीस वर्षं मुन्शी होतो. वकील कोर्टात बोलतो आणि त्याच्या बोलण्याआधीचं सगळं मुन्शी करतो. पोलीस स्टेशनमधून एफआयआर आणि पंचनाम्याची नक्कल आणायची, दवाखान्यातून सर्टिफिकेट, ट्रकवाल्याची विमा पॉलिसी शोधायची, बिलं चिकटवायची, तारखा सांभाळायच्या, आणि रडणाऱ्या माणसाला चहा पाजून त्याच्याकडून नीट हकिकत काढून घ्यायची. आमच्या भागातून नागपूरचा हायवे जातो. जाम, हिंगणघाट, वडनेर करत तो खाली उतरतो. रस्ता रुंद झाला, गाड्या पळू लागल्या आणि आमच्या ऑफिसातली दोन बाकं कमी पडून तिसरं आणावं लागलं. सगळे दावे ट्रक, बस, ऑटो आणि मोटारसायकलचे.

संपादकांनी ‘गमतीदार अनुभव लिहा’ म्हणून निरोप पाठवला. गमती आहेत. पण लिहायला बसलो की एकच फाईल समोर येते, आणि तिच्यात गंमत फारशी नाही.

आधी माझ्याबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी जन्माचा भित्रा. आमचं घर किराणा दुकानदाराचं. वडील कुलूप लावून दहा पावलं गेले की परत येऊन ते ओढून बघायचे. तो गुण माझ्यात पुरेपूर उतरला. भित्रा माणूस मुन्शी म्हणून फार चांगला असतो. त्याला प्रत्येक कागदात खड्डा दिसतो.

आणि मुक्या माराच्या फाईलीत खड्डेच खड्डे. आमच्याकडे मार लागला की माणूस आधी घरीच आंबेहळदीचा लेप लावतो. दोन दिवसांनी शेजारच्या गावात नस दाबणारा असतो, त्याच्याकडे जातो. तिथंही उतार पडला नाही की चौथ्या दिवशी डॉक्टर. कंपनीच्या वकिलाला हे चार दिवस फार आवडतात. ‘एवढं दुखत होतं तर चार दिवस कुठं होता?’ आंबेहळदीचं बिल नसतं आणि नस दाबणारा चिठ्ठी देत नाही.

गिरडकडचे एक मास्तर होते. एसटीच्या धक्क्यानं त्यांची कंबर धरली होती, पट्टा बांधून हिंडायचे. कंपनीनं चौकशीला एक माणूस ठेवला होता. त्यानं मास्तरांना पुतण्याच्या वरातीत नाचताना गाठलं आणि मोबाईलवर सगळं काढून घेतलं. कोर्टात ते चित्र दाखवलं गेलं. मास्तर शांतपणे म्हणाले, ‘‘साहेब, ते दोन मिनिटं दिसून राह्यले. त्याच्यानंतर आठ दिवस खाटेवर होतो, ते कोनी काढलं नाई.’’ कोर्टात सगळे हसले. मास्तर खरं बोलत होते हे मला ठाऊक होतं, म्हणून मला घाम फुटला. खरं बोलणारा माणूस हरू शकतो हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुसरा जामचा ढाबेवाला. त्याच्या मोटारसायकलला मागून जीपनं ठोकलं होतं. पहिल्या डॉक्टरला त्यानं मान सांगितली, पंधरा दिवसांनी दुसऱ्याला कंबर, महिन्यानं तिसऱ्याला गुडघा. मुका मार असाच असतो. आज इथं ठणकतो, उद्या तिथं. पण कंपनीच्या वकिलांनी तीन कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि विचारलं, ‘‘यातलं खरं कोणतं?’’ दावा फेटाळला गेला. पायऱ्या उतरताना ढाबेवाला मला म्हणाला, ‘‘मुन्शीजी, जे जवा दुखे, ते तवा सांगत गेलो. खोटं काय बोललो?’’

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्या दिवसापासून मी एक पद्धत घालून घेतली. मुक्या माराचं माणूस आलं की पहिल्याच दिवशी त्याच्याजवळ बसायचं, कुठं दुखतं, कसं दुखतं, काय करता येत नाही, हे विचारायचं आणि त्याचं एक वाक्य बांधायचं. ते त्याच्याकडून तीनदा म्हणवून घ्यायचं. पोलीस असो, डॉक्टर असो, कंपनीचा माणूस असो की कोर्ट, वाक्य तेच. नवं काही दुखायला लागलं तर आधी मला सांगायचं; डॉक्टरसमोर आपण होऊन काढायचं नाही. ‘नवं दुखणं सांगितलं की जुनं खोटं ठरतं,’ असं मी सगळ्यांना बजावत असे. खोटं वाक्य मी कधी कुणाला दिलं नाही. खरंच वाक्य द्यायचो आणि त्याला कुलूप लावायचो.

पद्धत चालली. कागद एकमेकांशी जुळू लागले, दावे मंजूर होऊ लागले. वकीलसाहेब चारचौघांत म्हणायचे, ‘‘आमच्या मुन्शीच्या फाईलीत सुई घालायला जागा नसते.’’ दुसरे मुन्शी येऊन विचारायचे. मला अभिमान होता, आणि तो मी लपवतही नव्हतो.

कांताबाई आमच्याकडे आल्या त्या दिवाळीनंतर. वडनेरच्या, वय चाळिशीच्या आसपास. नवरा देवराव. दोघांचं अर्धा एकर भाजीचं. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवायची आणि हिंगणघाटच्या बाजारात स्वतः बसून विकायचं. एका सकाळी त्या मेथीच्या दोन बोऱ्या घेऊन ऑटोनं निघाल्या. हिंगणघाटच्या अलीकडे ऑटो थांबला आणि मागून ट्रक येऊन आदळला.

‘‘मान मांगं गेली अन् समोर आली, बस्स,’’ त्या म्हणाल्या. ‘‘खरचटलंबी नाई.’’

‘‘मग दवाखान्यात गेलात?’’

‘‘नाई. बाजारात गेली. मेथी थांबते का जी? दुपारपर्यंत मऊ पडते.’’

मी कपाळाला हात लावला. अपघातानंतर बाई बाजारात बसून भाजी विकते, तिसऱ्या दिवशी पोलिसात जाते, चौथ्या दिवशी डॉक्टरकडे. फाईल जन्मतःच आजारी होती. म्हणून वाक्य अधिक काळजीनं बांधलं: मान उजवीकडे वळत नाही, खांद्यात कळ येते, डोक्यावर ओझं घेता येत नाही. कांताबाईंनी ते शाळेतल्या मुलीसारखं पाठ केलं. देवरावांनीही केलं. पुढं गावात कुणी सहज ‘वहिनी कशी आहे?’ विचारलं तरी देवराव तिन्ही गोष्टी ओळीनं सांगायचे, त्यामुळे लोक त्यांना विचारायचे बंद झाले.

दावा वेळेत दाखल झाला. डॉक्टरांच्या तपासण्या झाल्या, प्रत्येक कागदावर तेच तीन मुद्दे. मी खूश होतो.

संक्रांत होऊन काही दिवस झाले असतील. कांताबाई गोळ्यांची बिलं द्यायला ऑफिसात आल्या. बिलं टेबलावर ठेवली आणि उभ्याच राहिल्या.

‘‘मुन्शीजी, हाताले मुंग्या येऊन राह्यल्या. डाव्याले जास्त. जुडी बांधता बांधता सुटून जाते.’’

मेथीची जुडी अंबाडीच्या वाखानं बांधतात. कांताबाई डाव्या हातात मेथी धरून उजव्यानं एक वेढा मारायच्या आणि न बघता गाठ द्यायच्या. बाजारात त्यांना तसं करताना मी पाहिलं होतं. ती जुडी सुटते म्हणाल्या तेव्हा मी काय विचारलं? कधीपासून, ते विचारलं. त्या म्हणाल्या, संक्रांतीच्या आगंमागं. मी मनात महिने मोजले. अपघात दिवाळीचा, मुंग्या संक्रांतीच्या. कंपनीचा वकील काय म्हणेल ते मला तेवढ्यात ऐकू आलं.

मी म्हणालो, ‘‘सोमवारी तपासणी आहे ना? तिथं हे काढू नका. आपलं वाक्य तेवढंच सांगा. साक्ष होऊन जाऊ द्या, मग हाताचं बघू. मी लिहून ठेवतो.’’

‘‘हाव जी,’’ त्या म्हणाल्या आणि गेल्या.

मी लिहून ठेवलं नाही. लिहिलं की ते फाईलीत येईल आणि फाईलीत आलं की कुणाच्या तरी हाती लागेल, अशी मला भीती वाटली. त्या हाताची भीती वाटायला हवी होती, ती वाटली नाही. हे वाक्य लिहायला मला आज सकाळपासून दुपार झाली.

पुढं एप्रिल आला. कोर्टात तारीख होती. आमच्याकडचा एप्रिल ज्यानं पाहिला आहे त्याला सांगायला नको. साडेदहालाच फरशीवर उघडा पाय ठेववत नव्हता. कांताबाई आणि देवराव पायऱ्या चढत होते, मी फाईली घेऊन मागं होतो. तिसऱ्या पायरीवर एक निळी चप्पल पडलेली दिसली. कुणाची म्हणून वर पाहिलं, तर कांताबाई एका पायात चप्पल घालून आणि दुसरा पाय त्या तापलेल्या फरशीवर तसाच टाकत दहा पायऱ्या वर पोचल्या होत्या. पाय झटकला नाही, उचलून घेतला नाही, काही नाही.

देवराव वळून म्हणाले, ‘‘तुही चप्पल कुठं गेली?’’

कांताबाईंनी खाली पाहिलं. ‘‘हाव ना. कधी निसटली त समजलंच नाई.’’ आणि त्या हसल्या.

तीस वर्षं दवाखान्याचे कागद वाचून मुन्शीला अर्धंमुर्धं डॉक्टरी कळायला लागतं. हाताला मुंग्या आणि पायाला चटका लागत नाही, म्हणजे बिघाड हातातही नाही आणि पायातही नाही, तो वर आहे. मानेत. जिथून सगळ्या शिरा खाली उतरतात तिथं. असा एक कागद मी पूर्वी पाहिला होता आणि तो माणूस पुढं खुर्चीतून उठला नव्हता. मी चप्पल उचलून हातात घेतली. ती त्यांना द्यायची हेसुद्धा सुचेना.

‘‘असं कधीपासून होतंय?’’ मी विचारलं.

‘‘होते आताशा. बांधावरून चालतानी झोक जाते. हे म्हन्ते उनानं असन.’’

‘‘डॉक्टरला सांगितलं?’’

‘‘नाई. तुमीच त सांगतलं होतं, नवीन काई सांगाचं नाई.’’

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. शहाण्या माणसानं सांगितलेलं पाळलं, असा विश्वास होता. वकीलसाहेबांना गाठून तारीख पुढची घ्या म्हणालो. त्यांनी कारण विचारलं तर ‘नंतर सांगतो’ म्हणून निघालो. त्याच दुपारी त्या दोघांना घेऊन मोठ्या हॉस्पिटलला जाणारी एसटी पकडली. बसमध्ये मी त्यांच्या समोरच्या सीटवर बसलो आणि सारखा त्यांच्या पायांकडे बघत राहिलो. गाडी खड्ड्यात आदळली की मी सीटची दांडी घट्ट धरायचो. एका धक्क्यानं त्यांची मान मागं गेली होती. दुसऱ्या धक्क्यानं काय होईल, हे मला कोण सांगणार होतं? कांताबाई खिडकीबाहेर कुणाच्या वाडीत काय लावलं आहे ते देवरावांना दाखवत होत्या.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी विचारलं, ‘‘काय त्रास होतो, बाई?’’

कांताबाई सरळ बसल्या. ‘‘मान उजवीकडं वळत नाई, खांद्यात कळ येते, डोक्शावर ओझं घेता येत नाई.’’

मॅडम लिहू लागल्या. मी म्हणालो, ‘‘बाकीचंही सांगा. हाताचं, पायाचं.’’

कांताबाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. मान वळत नव्हती म्हणून अख्खं अंग वळवलं. ‘‘सांगू? फाईल नाई ना बिघडनार?’’

मॅडमनी पेन खाली ठेवलं. ‘‘तुम्ही यांचे कोण?’’

‘‘गावचा आहे,’’ मी म्हणालो. वडनेर माझं गावही नव्हतं.

मॅडमनी छोट्या हातोडीनं गुडघ्यावर टिचकी मारली, तर पाय असा उडाला की टेबल हललं. डोळे मिटून उभं राहायला सांगितलं, तर कांताबाई बाजूला कलंडल्या. देवरावांनी धरलं म्हणून बरं. ब्लाउजची हुकं लावून दाखवा म्हटलं, तर डाव्या हाताची बोटं हुकापाशी नुसती फिरत राहिली. मॅडमचा चेहरा बदलत गेलेला मला दिसत होता. एमआरआय झाला. मानेच्या मणक्यांमधली गादी सरकून मज्जारज्जूवर दाबून बसली होती. मुका मार तो नव्हताच. एक्स-रेमध्ये गादी दिसत नाही, म्हणून सगळ्यांनी तो मुका मार धरला होता. आणि पुढं जे जे दिसायला लागलं ते माझ्या कुलपाआड राहिलं.

‘‘हाताचं कधी सुरू झालं?’’ मॅडमनी विचारलं.

‘‘संक्रांतीले,’’ कांताबाई म्हणाल्या.

‘‘मग तेव्हा का नाही सांगितलं?’’

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो.

‘‘तेव्हा आल्या असत्या तर हात पूर्ण येईल असं मी म्हटलं असतं,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘आता तसं म्हणणार नाही. आहे ते वाचवायचं असेल तर ऑपरेशन लवकर करावं लागेल.’’

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी देवराव संमतीचा फॉर्म घेऊन माझ्याकडे आले. मी रोज हॉस्पिटलात जात होतो. का जातोस म्हणून घरात विचारलं तर उत्तर देत नव्हतो. फॉर्म दोन पानांचा, बारीक अक्षरांचा.

‘‘मुन्शीजी, वाचून दाखवा. तुमाले कागद समजते.’’

मी वाचू लागलो. आवाज जाऊ शकतो. गिळायला त्रास होऊ शकतो. हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. जीव जाऊ शकतो. आयुष्यभर मी लोकांना कागद वाचून दाखवले, जीभ कधी अडखळली नाही. त्या दिवशी ‘लुळे’ या शब्दावर आवाज फुटेना. देवराव माझ्या तोंडाकडे बघत होते.

‘‘लिवलं म्हंजे तसंच होते काय?’’ त्यांनी विचारलं.

‘‘नाही. त्यांना लिहावं लागतं.’’

‘‘तुमी भेऊ नका जी,’’ देवराव म्हणाले आणि सही करायला पेन मागितलं. बायको त्यांची होती आणि धीर ते मला देत होते. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं.

ऑपरेशन निभावलं. आवाज राहिला, पाय सुधारले, तोल परत आला. उजवा हात दोन-तीन महिन्यांत कामाला लागला. डावा मात्र अर्धाच आला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आखडलेलं राहिलं, मूठ आवळेना. मेथी वाहता येते, विकता येते. जुडी बांधता येत नाही. ते काम देवरावांवर आलं. पण बाजारात हात चालणारं एकच माणूस उरलं म्हणजे विक्री अर्ध्यावर आली, हे तिथं बसणाऱ्यांना सांगायला नको.

आता दावा बदलावा लागला. साध्या दुखापतीऐवजी मज्जारज्जूवरचा दाब, ऑपरेशन, हाताचं कायमचं अधूपण. कंपनीचे वकील काय म्हणणार ते मी झोपेतही सांगू शकलो असतो. अपघातानंतरच्या एकाही कागदावर हाताचा उल्लेख नाही. सगळीकडे मानेचंच एक वाक्य. म्हणजे हाताचा आजार नवा, अपघाताशी त्याचा संबंध नाही. माझी सुईला जागा नसलेली फाईल आता त्यांच्या कामाला आली होती. बाई संक्रांतीपासून गप्प का राहिली, हे कुणीतरी शपथेवर सांगितल्याशिवाय हात त्या अपघाताला जोडला जाणार नव्हता. आणि ते सांगू शकणारा माणूस मीच.

मी वकीलसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी फाईल उघडून एकेक कागद उलटला. मग म्हणाले, ‘‘तू उभा राहिलास तर तुला विचारतील, असं आणखी कितीजणांना शिकवलं? मग आपल्या सगळ्या चालू फायली कंपनीवाले उघडून बसतील. त्या लोकांचं काय?’’ हे खरं होतं. माझ्या सोयीचंही होतं. शेवटी ते म्हणाले, ‘‘तुझं तू ठरव. नाव साक्षीदारांच्या यादीत घालतो.’’

मी ठरवलं. जे घडलं ते एका पानात टाईप केलं, वडनेरला जाऊन कांताबाई आणि देवरावांना वाचून दाखवलं. ‘‘मीच गप्प बसवलं होतं, असं कोर्टात सांगतो,’’ म्हणालो. देवराव म्हणाले, ‘‘मंग त जमलं.’’ कांताबाई चहा ठेवायला आत गेल्या.

साक्षीच्या दिवशी ते पान माझ्या पिशवीत होतं. साक्षीदारानं दुसऱ्याची साक्ष ऐकायची नसते, म्हणून मी दाराबाहेरच्या बाकावर बसलो. दार उघडंच होतं, शब्द न् शब्द ऐकू येत होता. बसल्या बसल्या माझ्या मनात एकेक चित्र येऊ लागलं. उलटतपासणीत मी. ‘किती वर्षं हे करता? किती लोकांना?’ मास्तरांवर हसलेलं कोर्ट. ऑफिसातल्या तीन बाकांवर बसलेली माणसं, त्यांचे दावे, त्यांचे चेहरे. पोलीस. मुलीच्या सासरची माणसं. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या बाकावर कळलं. पिशवीचा बंद मी इतका पिळला की त्याची शिवण उसवली. पिंजऱ्यात उभ्या असलेल्या कांताबाईंना दारातून मी दिसत होतो.

कंपनीचे वकील म्हणाले, ‘‘बाई, हाताचं दुखणं तुम्ही एकाही डॉक्टरला सांगितलं नाही. बरोबर?’’

‘‘बरोबर.’’

‘‘सांगू नका, असं कोणी तुम्हाला म्हटलं होतं का?’’

त्यांनी दाराकडे पाहिलं. मी बाकावरून अर्धा उठलो होतो की तसं मला आज वाटतं, ते आता मलाही नक्की सांगता येणार नाही.

‘‘कोनी नाई जी,’’ कांताबाई म्हणाल्या. ‘‘माह्यंच ध्यान नव्हतं.’’

वकीलसाहेब दारापर्यंत आले आणि माझ्याकडे पाहिलं. बोलवायला आले होते. अजूनही मी आत गेलो असतो तर चाललं असतं. मी पिशवीकडे बघत राहिलो. ते आत गेले आणि म्हणाले, ‘‘आणखी साक्षीदार नाही.’’

निकाल पुढं बऱ्याच दिवसांनी लागला. मानेची साधी दुखापत मंजूर झाली, हात नामंजूर झाला. कागदावर जे होतं त्यावरून कोर्टानं बरोबरच केलं. त्यानंतर मी कुणाला वाक्य दिलं नाही. ‘जे जेव्हा दुखेल ते तेव्हा डॉक्टरला सांगा, दाव्याचं आपण नंतर बघू,’ एवढंच सांगायचो. काही दावे त्यानं पडले. वर्षभरानं मी काम सोडलं. डोळ्यांचं कारण सांगितलं.

पण मला निकालाचा दिवस फारसा आठवत नाही. साक्षीचा आठवतो. कोर्टाबाहेर लिंबाखाली देवराव पुढं होऊन ऑटो बघत होते. त्यांनी माझ्याशी बोलायचं टाळलं, आणि ते मी समजू शकत होतो. कांताबाई मात्र माझ्याजवळ आल्या. डावा हात पदराखाली होता.

‘‘तुमी भेले होते ना?’’ त्या हळूच म्हणाल्या. ‘‘तिथून दिसून राह्यले होते तुमी. मले वाटलं, या मानसाले चक्करच येते आता.’’

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

‘‘हात त गेलाच आता. तुमचं नाव घेतलं असतं त तुमचंबी काम गेलं असतं. एकाचं गेलं ते पुरे,’’ त्या म्हणाल्या. मग त्यांनी खरोखरच विचारलं, कारण कोर्टातलं त्यांना काही कळत नव्हतं आणि मला कळतं असा त्यांचा अजूनही समज होता. ‘‘बरोबर बोलली ना जी मी?’’

मी ‘हो’ म्हणालो.